दार लावून दिलेला पेपर

ज्ञानसाधनेला एकांत लागतो, हे आपल्या पूर्वजांनी फार आधी ओळखलं होतं. म्हणून ऋषी अरण्यात गेले, मुनी गुहेत बसले, आणि ज्यांना यातलं काहीच जमलं नाही त्यांनी निदान तसं लिहून ठेवलं. आमच्याकडे अरण्य उरलेलं नाही. कराडपासून इस्लामपूरपर्यंत ऊसच आहे, आणि उसात जाऊन अभ्यास करणाऱ्या बाईबद्दल गाव काय बोलेल ते सांगायला नको. मला एकांत मिळाला तो कोठीच्या खोलीत. गव्हाची पोती, शेंगांची पोती, सासऱ्यांची फौजेतली काळी ट्रंक आणि गोठ्याकडे उघडणारी एक खिडकी. आमच्या घरात आतून कडी लागणारी ती एकच खोली. तिथं बसून मी बेचाळिसाव्या वर्षी, मला कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळता येतं असं सिद्ध करणारी परीक्षा दिली. दोनदा दिली.

नेटवर्क मी सोळा वर्षं सांभाळतच होते. कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझी नोकरी आहे. तिथली कुठली केबल कुठल्या भिंतीतून गेली आहे हे मला आणि उंदरांनाच ठाऊक. पण त्या वर्षी कॉलेजची प्रत ठरवणारी समिती येणार होती, आणि समितीला उंदरांची साक्ष चालत नाही. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. टेबलावर समितीसाठी मागवलेल्या फेट्यांचे नमुने पडले होते.

"मॅडम, तुमचं काम उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त त्याला कागद नाही."

फेब्रुवारीअखेर प्रमाणपत्र फाइलला लागलं नाही तर नेटवर्कचं काम पुण्याच्या एका एजन्सीकडे जाणार होतं आणि मी ग्रंथालयात बारकोड चिकटवायला. एरवी मला पुस्तकं आवडतात. पण ग्रंथालयात त्यांना बारकोड चिकटवायचे असतात, ती उघडायची नसतात. शिवाय त्या केबली मी ओढलेल्या होत्या. काही तर शिडीवर चढून, पदर खोचून, खाली उभ्या असलेल्या तिघा प्राध्यापकांच्या सूचना ऐकत. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावावा हे मला सोसणार नव्हतं. हे मी प्राचार्यांना सांगितलं नाही. "बघते," एवढंच म्हटलं.

अभ्यास एसटीत व्हायचा. सकाळचा स्वयंपाक, मामांचा चहा आणि गोळ्या, म्हशीची धार आटपून गाडी गाठायची. सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, नवरा फौजेत, तेव्हा राजस्थानात होता. घरात आम्ही दोघंच. गाडीत जागा मिळाली तर पुस्तक, नाही मिळाली तर एका हाताने दांडी धरून मोबाइलवर सराव परीक्षा. पहिल्या सरावात मी नापास झाले. दुसऱ्यातही. तेव्हा ध्यानात आलं की मला काम येत होतं, म्हणून उत्तरं येत नव्हती.

पुस्तक विचारायचं, इंटरनेट बंद असल्याची तक्रार आली तर पहिली पायरी कोणती? पुस्तकाचं उत्तर, तक्रार करणाऱ्याला प्रश्न विचारून अडचण समजून घ्यावी. आमच्याकडे तक्रार विभागप्रमुख करतात, आणि विभागप्रमुखांना प्रश्न विचारणं ही पायरी नसून आगळीक असते. सोळा वर्षांत माझी पहिली पायरी एकच होती. त्यांच्या खोलीत जाऊन, नेटवर्कच्या स्विचची पिन काढून तिथं चहाची किटली कुणी लावली आहे का ते बघायचं. बहुतेक वेळा लावलेली असायची. हे उत्तर चार पर्यायांत कुठंच नव्हतं.

नेटवर्कचे सात थर मात्र मला लगेच पाठ झाले. एका कॉम्प्युटरवरून निघालेला निरोप या थरांमधून खाली उतरतो, प्रत्येक थर त्याला आपलं एक वेष्टण चढवतो, आणि पलीकडे पोचल्यावर तितकेच थर एकेक वेष्टण उतरवून मूळ निरोप हातात देतात. आमच्या कॉलेजातला रजेचा अर्ज असाच जातो. वेष्टणं चढवणारे सातही जण कामावर हजर असतात. उतरवणारे कधी नेमलेच गेले नाहीत.

फेब्रुवारी जवळ आला तसा मला पुस्तकाचा कंटाळा आला, मग गाडीचा, आणि शेवटी कंटाळ्याचाही. केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची तर कोल्हापूरच्या केंद्रातल्या तारखा मार्चपर्यंत भरलेल्या. राहिला तो घरून द्यायचा पर्याय. घरचा लॅपटॉप, घरचं इंटरनेट, आणि कॅमेऱ्यातून दोन तास आपल्याकडे पाहत बसलेला कुठला तरी पर्यवेक्षक. त्याचे नियम आले. खोलीत दुसरं कुणी नसावं. दार बंद असावं. बाहेरचा आवाज येऊ नये. नजर पडद्यावरून हलू नये. कुठंही काही लिहिलेलं दिसू नये.

हे नियम ज्याने केले त्याच्या गावात दिवसाढवळ्या दारं बंद असणार. आमच्या आळीत दार रात्री झोपताना लागतं. दिवसा लागलं तर घरात कुणी आजारी तरी आहे नाहीतर कुणी रुसलं तरी आहे. आणि दार लावून आत बसलेली जर सून असेल, तर आजाराची शक्यता कुणी धरतच नाही.

मी मामांना नियम वाचून दाखवले. मामा फौजेत सिग्नलला होते. उमेदीची सगळी वर्षं डोंगरातून टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत होतं की तार दिसत नसेल तर ते काम नव्हे. पण बंदोबस्त म्हटल्यावर ते ताठ झाले.

"पोरी, तू काळजी करू नगंस. दारावर मी हाय."

परीक्षेच्या सकाळी अकराला मी खोलीत बसले. पर्यवेक्षकाचा आवाज आला, इंग्रजी, सभ्य आणि झोपाळलेला. लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या, छत दाखवलं, टेबलाखालची जमीन दाखवली. खताच्या जुन्या पिशव्यांवर छापलेलं काय आहे, त्याने विचारलं. त्या उलट्या केल्या. मग त्याला ट्रंक दिसली. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात मामांचा फौजेतला नंबर आहे. हे आकडे कसले? मी सांगितलं. त्याने ते झाकायला सांगितले. मी वर घोंगडी टाकली. दाराबाहेर मामांना हे ऐकू गेलं असणार, कारण खाकरण्याचा आवाज आला.

पंधराव्या प्रश्नाला पहिली ताकीद मिळाली. ओठ हलवू नका. मी प्राथमिक शाळेत मोठ्याने वाचायला शिकले; अवघड काही आलं की ओठ आपोआप हलतात. मी दात आवळून घेतले. दातांनी विचार करता येत नाही, हे तेव्हा समजलं.

चाळिसाव्या प्रश्नाच्या सुमारास बाहेर थोरल्या आत्तींचा आवाज आला. त्या मामांच्या चुलतभावाच्या बायको, शेजारीच राहतात, आणि आमच्या घरात काही बिनसू नये याची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतलेली आहे.

"आवं भावजी, दार का लावलंय?"

"पेपर चाललाय आत."

"कसला पेपर? तिची शाळा सुटून जमाना झाला."

"कॉम्प्युटरचा. बोलू नगासा, वहिनी. आवाज जातुया."

"कुठं जातुया?"

"वर."

आत्तींनी बहुधा वर पाहिलं असावं.

"मला येडी समजता व्हय? खरं सांगा, काय बोललासा तिला?"

"म्या काय बोलणार?"

"बोलल्याबिगर बाई दार लावती व्हय! सकाळपास्नं बघतीया, तुमी हितं काठी घेऊन बसलाय. सुनंला कोंडून घातलंय का काय?"

यावर मामांनी जे केलं ते पूर्ण शिस्तीत केलं. ते उभे राहिले असणार, कारण आवाज वरून आला, आणि तो परेडचा होता.

"वहिनी! पीछे मुड!"

पडद्यावर दुसरी ताकीद आली. मी मान हलवून क्षमा मागितली. मान हलवण्याबद्दलही नोंद झाली. बाहेर आत्तींची पावलं लांब गेली. मामांना वाटलं शत्रू परतला. मी अठ्ठेचाळिसावा प्रश्न उघडला. तो कशाबद्दल होता हे सांगितलं तर रचलेलं वाटेल, म्हणून सांगत नाही. तेवढ्यात माझ्या पाठीमागची खिडकी कुरकुरली आणि गोठ्याच्या बाजूने आत्तींचं तोंड आत आलं.

"पोरी, उपाशी बसू नगंस. दोन दिस माझ्याकडं चल. म्हाताऱ्याचं काय मनावर घीऊ नगंस."

पडद्यावर अक्षरं आली. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली आहे. परीक्षा समाप्त करण्यात येत आहे. पर्यवेक्षकाने निरोपही घेतला नाही. मी आत्तींना चहा करून दिला.

संध्याकाळपर्यंत आळीत समजलं की सुनेने अन्नपाणी सोडलं आहे. राजस्थानातून नवऱ्याचा (तो वडिलांना आबा म्हणतो) फोन आला, "घरी काय झालंय? आबांनी तुला हाकललं म्हणं?" सोळा वर्षांत मी कुठलाच निरोप इतक्या वेगाने पोचलेला पाहिला नव्हता, आणि वाटेत इतका बदललेलाही.

रात्री जेवण झाल्यावर मामांनी ताट सरकवलं. म्हणाले, "चूक माझी हाय. सेंट्रीनं आवाज द्यायचा असतो, ह्ये आमाला शिकवलं. गप कसं बसायचं ते कुणी शिकवलंच न्हाई."

मी म्हटलं, जाऊ दे मामा. ग्रंथालयात पंखे चांगले आहेत.

"पुन्हा कवा घेत्यात?"

मी थकले होते. पुन्हा तेच पुस्तक, तीच दांडी, तेच दात आवळणं. दुसरी तारीख घ्यायची माझ्यात ताकद नव्हती. पण मामा उत्तराची वाट बघत तसेच बसले होते. त्यांना नाही म्हणायला आणखी ताकद लागली असती, म्हणून मी तारीख घेतली. फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार, अकरा ते एक.

या वेळी मामांनी मोहीम बदलली. आधीचे दोन दिवस ते घरोघर जाऊन आले. सूनबाईचा पेपर आहे, शुक्रवारी अकरा ते एक, भांडण नाही. हे शेवटचं ते दोनदा सांगत. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून आळीतून जातात. त्या ड्रायव्हरांना रस्त्याच्या तोंडाशी थांबवायचं ठरलं. आणि खिडकीवर त्यांनी थोरल्या आत्तींना नेमलं.

"वहिनी, ह्यो मोर्चा तुमचा. चिमणी सुदिक आत जाता कामा नये."

"मी हाय न्हवं," आत्ती म्हणाल्या. त्यांना खिडकी आधीपासून माहीत होतीच.

शुक्रवारचा पर्यवेक्षक दुसरा होता. त्याला घोंगडीचाच संशय आला. खाली काय आहे? ट्रंक. तिच्यावर? आकडे. शेवटी ट्रंक खोलीबाहेर काढायला सांगितलं. मी ती उंबऱ्याबाहेर ढकलली; मामांनी ती दारासमोर ओढून घेतली आणि ते तिच्यावरच बसले.

मग जी शांतता झाली ती मी आमच्या गावात आधी कधी ऐकली नव्हती. म्हैससुद्धा गप्प होती. भिंतीपलीकडे माणसं श्वास रोखून बसली आहेत हे मला समजत होतं, आणि त्याचा त्रास आवाजापेक्षा जास्त होता. ट्रॅक्टर वाजत गेला असता तर नापास होण्याला काही कारण तरी उरलं असतं. मी ओठ मिटून एकेक प्रश्न सोडवत गेले. किटलीचा प्रश्न आला, तेव्हा पुस्तकाचं उत्तर दिलं. एक वाजायला वीस मिनिटं असताना पडद्यावर निकाल आला. पास. काठावर, पण पास.

मला आनंद व्हायला हवा होता. मी पोत्याला टेकून पाच मिनिटं नुसती बसले. मग कडी काढली.

अंगणात आठ-दहा माणसं मयताला बसावीत तशी बसली होती. गोठ्याकडून आत्ती पाय मोकळे करत आल्या आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी विचारलं, "मिटलं का गं?"

"मिटलं," मी म्हटलं.

मामा ट्रंकेवरून उठले नाहीत. "पास?"

"पास."

"मग ड्यूटी सुटली?"

सुटली म्हटल्यावर ते उठले, ट्रंक ओढत कोठीत नेली आणि नंबर समोर येईल अशी ठेवली.

मार्चमध्ये समिती आली. फाटकापासून रांगोळी होती, विद्यार्थ्यांचं लेझीम होतं, पाहुण्यांना फेटे होते. एकाचा फेटा मोठा झाला आणि तो दिवसभर हाताने धरून फिरला. माझ्या लॅबमध्ये समिती चार मिनिटं थांबली. प्रमाणपत्राची रंगीत प्रत सातव्या फाइलला होती. तिसऱ्या फाइलपाशी चहा आला. जाताना एका सदस्याने थांबून मला वायफायचा पासवर्ड विचारला, मी तो सांगितला, त्यांनी तो दोनदा चुकीचा टाकला. नेटवर्क माझ्याकडेच राहिलं.

पुढच्या आठवड्यात मी ते प्रमाणपत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. त्याची मुदत तीन वर्षं आहे. समिती पाच वर्षांनी येते.