ताईच्या गळ्यातला मोत्यांचा सर

मोती खरा की खोटा, हे आमची आई दातावर घासून सांगायची. पुढच्या दाताच्या कडेवर मोती हलकेच फिरवला की खरा असेल तर बारीक रेती लागल्यासारखं खरखरतं. काचेचा असेल तर गुळगुळीत निसटून जातो. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईनं आम्हा दोघी बहिणींना सकाळच्या उजेडात ओटीवर बसवलं, काळी घोंगडी अंथरली आणि तिच्या आईकडून तिला आलेला मोत्यांचा सर त्यावर ठेवला. आता तो ताईला मिळायचा होता.

सांडोरला आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. आई दिवसभर चिखलात, शेणात, पाण्यात हात घालणारी बाई. पण तो सर घ्यायचा तर आधी हात धुऊन कोरडे करायची. "बसऱ्याचे आहेत," ती म्हणाली. "नीट बघा. एक जरा पिवळट, एक गुलाबी, एकाला खालच्या अंगाला खळगा. सगळे एकसारखे दिसले की समजायचं, काहीतरी खोट आहे." मग तिनं ताईला मोती गालाला लावायला सांगितलं. खरा मोती आधी गार लागतो आणि सावकाश ऊब धरतो.

जपणुकीचे नियम तिनं एकामागून एक सांगितले. साजशृंगार सगळा झाल्यावर सर घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढायचा. अंघोळीला कधीही गळ्यात ठेवायचा नाही. साबण, शिकेकाई, लिंबू, अत्तर, काही लागू द्यायचं नाही. काढल्यावर ओलसर मलमलीनं पुसायचा. सोन्याच्या दागिन्यांच्या डब्यात कोंबायचा नाही, चरे पडतात. आणि वर्षानुवर्षं पेटीत बंद ठेवायचा नाही. "मोत्याला माणसाचं अंग लागतं," ती म्हणाली.

शेवटी तिनं दोन मोत्यांमधली रेशमाची बारीक गाठ दाखवली. "ही प्रत्येक मोत्याला असते. का, सांगा बघू?"

आम्ही दोघींनी ती गाठ नखानं चाचपून पाहिली.

"धागा झिजून तुटला तर एकच मोती पडावा म्हणून. बाकीचे गाठींत अडकून राहतात."

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. वैशाखात ताईचं लग्न झालं आणि ती आचोळ्याला गेली. सासरी भातशेती होती, खाडीकडे मिठागरं होती. भावोजी बिजवर होते. पहिली बायको तापानं गेली असं मध्यस्थानं सांगितलं होतं. माणूस दिसायला देखणा, बोलायला मऊ. आमच्या अप्पांशी बोलताना मान खाली घालून बोलायचा. अप्पा सगळ्यांना सांगत सुटले, की असा जावई शोधून सापडायचा नाही.

नागपंचमीला ताई आली नाही. भाताची लावणी चालली आहे, असा निरोप आला. आई निरोप आणणाऱ्याकडे बघत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "श्रावणात कसली लावणी? लावणी कधीच आटपली."

ताई आली ती गौरीला. भावोजींनीच आणून सोडली आणि दोन दिवसांनी न्यायला येतो, असं बजावून गेले. ताई उंबऱ्यात उभी होती. अंगावर चांगलं लुगडं होतं, गळ्यात मोत्यांचा सर होता आणि पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटलेला. मी मिठी मारायला धावले, तर ती एक पाऊल मागं सरली. मग हसली आणि म्हणाली, "उन्हातून आलेय गं, घाम आलाय." त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

आईनं तिला पाणी दिलं, गूळ दिला, आणि सवयीनं हात पुढे केला. "दे तो सर, पुसून ठेवते."

ताईनं सर काढायला वेळ लावला. आईनं तो मलमलीवर घेतला आणि पुसता पुसता थांबली. मोत्यांवरचं पाणी गेलं होतं. जुन्या चुन्यासारखे ते फिके, निस्तेज दिसत होते. चार महिन्यांपूर्वी घोंगडीवर पाहिलेले हेच मोती, हे मला खरं वाटेना.

"अंघोळीला काढत नाहीस?" आईनं विचारलं.

"काढलेला चालत नाही," ताई म्हणाली. "त्यांना आवडत नाही."

आईनं काळी घोंगडी पुन्हा अंथरली, सर तिच्यावर लांब केला आणि बोटानं एकेक मोती पुढे सरकवू लागली. मध्येच रेशीम संपलं होतं. तिथून वीतभर साधा पांढरा दोरा होता आणि त्याला गाठी नव्हत्या. त्या वीतभरातले मोती आईनं एकेक करून दातावर घासले. त्यांतले दोन तिनं पुन्हा घासले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बघ."

मी घासले. दोन्ही मोती दातावरून निसटले. काचेचे होते.

"सर कधी तुटला?" आईनं विचारलं.

"तुटला नाही. धागा झिजला होता, म्हणून मीच ओवला."

"रेशीम झिजून तुटलं असतं तर एक मोती पडला असता. वीतभर मोती सांडले, म्हणजे गाठीच्या गाठी तुटल्या." आईचा आवाज अगदी साधा होता. "पदर काढ."

ताईनं मान हलवली. आईनं उठून ओटीचं दार लोटून घेतलं आणि स्वतःच तिचा पदर बाजूला केला. मानेभोवती एक काळसर रेघ होती. नीट पाहिलं तर ती सलग रेघ नव्हती. एकापुढे एक उमटलेले ठिपके होते, मोत्यांएवढे. काही जुने, पिवळे पडलेले. काही ताजे.

मला त्या क्षणी रडू आलं नाही. मला भीती वाटली, आणि ती दाराबाहेरची वाटली, जणू भावोजी अजून तिथं पायरीवर उभेच आहेत.

ताई मग सांगायला लागली. आमच्याकडे न बघता, घोंगडीकडे बघून. ते रागावत नाहीत, ओरडत नाहीत. मागून येतात, सर मुठीत धरतात आणि पिरगळतात. पिरगळताना हळू आवाजात बोलत असतात, कधी हसतातही. सर तुटला त्या दिवशी मोती अंगणभर उधळले. त्यांनी स्वतः वाकून वेचून दिले. दोन सापडले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी बाजारातून काचेचे घेऊन आले. "म्हणाले, ओवून टाक, कुणाला कळणार नाही."

"सासूबाईंना ठाऊक आहे?"

"त्या घरात असल्या तर देवघरात जाऊन बसतात."

त्यानंतर आई दोन दिवस सर ओवत होती. जुना सगळा धागा तिनं काढून टाकला, काचेचे मोती बाजूला केले, नवं रेशीम दुहेरी घेतलं आणि प्रत्येक मोत्याला गाठ मारत गेली. गौरीचा नैवेद्य झाला, शेजारच्या बाया हळदीकुंकवाला येऊन गेल्या, ताई त्यांच्याशी हसून बोलली. मी सारखी बाहेर जाऊन वाटेकडे बघायचे. केळीचं पान वाऱ्यानं हललं तरी मला पांढरं धोतर दिसायचं.

भावोजी सांगितल्या दिवशी आले. सोबत मिठाई आणली होती. अप्पांच्या पाया पडले, पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "तयारी झाली असेल तर निघतो. अंधाराच्या आत पोचायला हवं."

आई दारात येऊन म्हणाली, "ती आता राहील इथे. सर ओवायचा आहे."

"सर राहू द्या, आई. तिला पाठवा." ते हसत होते. "नाहीतर सर आणि ती, दोघंही द्या. आमच्या घराला आता त्या सराची सवय झालीय."

ताई आतल्या खोलीत होती. हे ऐकताच ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

अप्पा आत आले ते चिडूनच. "अगं, जावई दारात उभा आहे. सर ओवायचा म्हणून कुणी लेक अडवून ठेवतं? लोक काय म्हणतील?" आईनं त्यांना गळ्यावरच्या खुणांबद्दल सांगितलं. अप्पांनी मान फिरवली. "नवराबायकोत होतं कधीकधी. झटापटीत ओढला गेला असेल. दागिना नाजूक असतो."

सर खरं तर ओवून झाला होता; आईनं तो उचलून स्वतःच्या गळ्यात घातला आणि अप्पांकडे पाठ करून उभी राहिली.

"ओढा."

"काय?"

"नाजूक आहे ना? ओढा. तुटेपर्यंत."

अप्पांनी सर धरला आणि जरासा ओढला. काही झालं नाही. आई म्हणाली, "असा नाही. पिरगळा." तिचा आवाज बदलला नव्हता. अप्पांनी मूठ वळवली. मोती आईच्या मानेत रुतले, तिचा श्वास घशात अडकल्याचा आवाज आला, तिच्या कपाळावरची शीर वर आली, पण सर तुटला नाही. अप्पांनी हात सोडला. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. आईच्या मानेवर लाल ठिपक्यांची ओळ उमटत होती.

ते बाहेर गेले. आम्ही आतून ऐकत होतो. "तुम्ही या," एवढंच ते म्हणाले. भावोजींनी काय झालं म्हणून विचारलं, गोड विचारलं, तरी अप्पा पुन्हा तेच म्हणाले. "तुम्ही या."

पण भावोजी एवढ्यावर थांबले नाहीत. पुढचे दोन महिने ते येत राहिले. घरात येत नसत. वाडीच्या कडेला, रहाटापाशी उभे राहत, आमच्या गड्यांशी तंबाखू खात गप्पा मारत आणि निघून जात. एका सकाळी रस्त्याकडच्या केळी कुणीतरी बुंध्यातून छाटून टाकलेल्या सापडल्या, घडांसकट. कुणी छाटल्या हे कधी कळलं नाही. ताई विहिरीवर एकटी जाईना. नातेवाईक समजूत घालायला येत. नवऱ्याचं घर सोडून बाई किती दिवस राहणार, असं विचारत. दिवाळी जवळ आली तसे अप्पाही डळमळायला लागले. सणाला जावयाला बोलावून समेट करावा, असं एकदा जेवताना म्हणालेसुद्धा.

त्याच आठवड्यात आचोळ्याकडची एक मीठवाली दारावर आली. दरवर्षी यायची. आई मापात मीठ घेत असताना तिनं आत डोकावून विचारलं, "तुमची पोर हितंच हाय ना?"

"हो. का?"

"बरं केलंत, बाय. नका पाठवू." तिनं टोपली खाली ठेवली आणि आवाज उतरवला. "पयलीला ताप आलता म्हनतात, त्यो खोटा. ईरीत गावली ती. पानी काढाया गेली न् पडली, असं सांगलं गावाला. पन कळशी घरातच होती."

आईनं माप सोडलं. अप्पा ओटीवर पानं मोजायला बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. मांडीवरची पानांची चळत त्यांनी न मोजताच बाजूला ठेवली. समेटाचा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. पुढच्या वेळी भावोजी रहाटापाशी दिसले तेव्हा अप्पा कोयता हातात घेऊनच त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. काय बोलणं झालं, ते आम्हाला कळलं नाही. भावोजी हसत हसत गेले, पण त्यानंतर फिरकले नाहीत.

तो सर ताईनं पुन्हा गळ्यात घातला नाही. डबा उघडला तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. मग आईच रोज सकाळी घटकाभर घालून बसायची, मोती मरू नयेत म्हणून. गेलेलं पाणी मात्र पुरतं परत आलं नाही. पुढे तो माझ्याकडे आला आणि आजही आहे.

ताई वाडी बघायला लागली. पानवेलीचं तिला आमच्यापेक्षा जास्त कळायचं, आणि अप्पा थकल्यावर सगळं तिच्याच हातात आलं. वाडीत ती एकटी फिरू लागली, पण पाठीमागून कुणी हाक मारली तर चटकन वळून मानेवर हात न्यायची. ते शेवटपर्यंत गेलं नाही.

माझं लग्न पापडीला झालं तेव्हा पाठराखीण कोण जाणार, असा प्रश्न निघाला. टाकलेली बाई पाठराखीण म्हणून कशी चालेल, असं एक काकू बोललीच. आईनं ऐकून घेतलं आणि ताईचीच पिशवी भरली. ताई माझ्या सासरी चार दिवस राहिली. सासूबाईंबरोबर भाजी निवडली, विहिरीचा कठडा हलवून पाहिला, माझे यजमान गड्यांवर रागावतात तेव्हा आवाज कसा होतो, ते कान देऊन ऐकलं. निघताना मला पडवीत बाजूला घेतलं.

"माणसं बरी दिसतात," ती म्हणाली. "तरी ऐकून ठेव. काही झालंच, तर निरोप पाठवत बसू नकोस. असशील तशी निघ आणि ये."

मी हो म्हटलं. तिनं माझ्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि मगच टांग्यात बसली.