धुण्यावर येणारी बाई

त्या दुष्काळात तेरणा नदीला धार नव्हती. तेर गावच्या आम्ही बाया पात्रातल्या डबक्यावर धुणं धुवायचो. गावोगाव कर्करोगाची पाहणी करणारी ती बाई थेट तिथंच यायची. पुरुषांना शौचातून रक्त जातं का विचारलं की ते "मूळव्याध हाय" म्हणून उठून जातात, असं तिचं म्हणणं. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. कुणाचंही कापड पिळू लागायची आणि हळूच विचारायची, "घरात कुणाच्या कपड्याला रगत दिसतं का, बायांनो?" बाया तोंड फिरवायच्या.

एकदा मी म्हटलं, "आमच्या मामंजींच्या धोतराला. लई दिवस झाले."

ती तशीच ओल्या हातांनी आमच्या घरी आली. मामंजी भडकले. "बाईमाणसानं इचारायची गोष्ट हाय का ही?"

"न्हाय, मामा. पर दुसरं कोण आलं इचारायला?" ती उंबऱ्यातून हलली नाही. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना एसटीनं सोलापूरला घेऊन गेली. आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मामंजी घरी परत आले.

पुढं ती पुन्हा डबक्यावर आली. "मामांचे वडील कशानं गेले?"

"मूळव्याधीनं," मी म्हटलं, आणि पुरुष तेच सांगून उठून जातात हे मला आठवलं.

तिचे हात पहिल्यांदाच थांबले. "हा रोग घराण्यात उतरतो कधीकधी. आन् तुमचे मालक किती वर्षांचे हायत, ताई?"

मी धुणं तिथंच टाकलं. हे रोजगार हमीच्या कामावर होते. चार माणसांत का होईना, रगत पडतं का ते त्यांना विचारायला मी भर उन्हात निघाले.