लाल गोलाबाहेरचा रातवा

खुटबावच्या स्टँडजवळ शिलाई मशीनवर बसणाऱ्या चाचांनी आयुष्यात कधी दुर्बीण धरलेली नाही. पण पक्ष्याचा फोटो कळेनासा झाला की मी त्यांच्याकडेच जातो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजची माझी पहिली पँट त्यांनीच शिवली. तेव्हापासून ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणतात.

फोटो बघताना ते आधी मोबाईल उलटा धरतात. "सुलटं धरलं की माणूस पक्षीच शोधतो. उलटं धरलं की कापड दिसतं."

परवा राहू गावात तोडलेल्या उसाच्या पाचटात एक रातवा उतरताना मी पाहिला. हा पक्षी पाचटात बसला की पाचटच होतो. घाईत काढलेल्या फोटोवर लाल गोल करून मी तो पक्षिमित्रांच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "छान ढेकूळ!" तालुक्याच्या पक्षीयादीत माझी एकही नोंद नव्हती. ही नोंद मला हवीच होती.

चाचांनी फोटो उलटा केला आणि खो-खो हसले. "ग्रॅज्युएट, ढेकूळच हाय की ह्ये!"

माझा चेहरा उतरला. तोच त्यांच्या हातातली सुई गोलाबाहेर, फोटोच्या कोपऱ्यावर थांबली. "पाचट कुठं एवढं डिझाइन जुळवून पडतं व्हय? गळ्यापाशी पांढरी टीप बघ. मिटलेला डोळा बघ."

रातवा! खराखुरा! मी बाकावरून उडीच मारली. माप द्यायला आलेले एक आबाही कारण न विचारता टाळ्या वाजवू लागले.

मी लगेच नवा गोल काढायला गेलो, तर चाचांनी हात धरला.

"गोल नगं. तसाच पाठव. त्यांना बी जरा हुडकू दे."