देवळाची चावी गावभर

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा तिकडे फौजदार होतो. शहादे तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात सरकारने संरक्षित केलेलं जुनं दगडी देऊळ होतं. आत ना मूर्ती, ना पूजा; कोरीव काम मात्र बघत राहावं असं. गाभाऱ्याच्या दारचा खांब तडकल्याची फिर्याद आली. कुलूप शाबूत, म्हणजे चावीवाल्यानेच केलं, असं पुरातत्त्व खात्याच्या साहेबांचं म्हणणं. चावी असायची देवळाच्या रखवालदाराकडे; त्याला कामावरून काढायचं आणि वर अटकही करायची. त्या पगारावर त्याचं घर चालत होतं.

पंचनामा करून मी चौकशीला बसलो. रखवालदाराच्या चावीवरून करून घेतलेली एक चावी पोलीस पाटलाकडे. दुसरी भजनी मंडळाकडे. तिसरी मारवाडी दुकानदाराकडे, कुणाला लागली तर असावी म्हणून! अहो, हे संरक्षित स्मारक की धर्मशाळा? प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. मी पुरता वैतागलो.

शेवटी दुकानदारानेच हळूच सांगितलं, गाभाऱ्यातून पिकल्या केळ्यांचा वास येतो. मग एका केळीच्या बागायतदाराला ठाण्यावर बोलावलं. आधी कानावर हात, मग सगळं बाहेर आलं. पाटलाकडून चावी नेऊन तो गाभाऱ्यात घड रचायचा आणि पिकायला धुरी द्यायचा. त्या दिवशी गोवऱ्या भडकल्या. घाबरून त्याने घागरभर पाणी ओतलं आणि तापलेला खांब फुटला. वर मलाच सांगतो, "साहेब, इतली चांगली बंद खोली रिकामी पडेल व्हती."

रखवालदाराला मी फैलावर घेतलं. चाव्या करू दिल्यासच कशा? तो खाली मान घालून म्हणाला, "नाही कसं म्हनू साहेब? माले याच गावमा ऱ्हानं शे."

मला रागच आला. बागायतदारावर खटला भरला, रखवालदार निर्दोष असल्याचा अहवाल दिला. त्याची नोकरी वाचली. नवं कुलूप लावून एकुलती चावी ठाण्यात ठेवली.

लगेच पाटील हजर. मुलीच्या लग्नाची भांडी देवळात ठेवायची होती! मी नाही म्हणालो. भजनी मंडळ आलं, त्यांनाही नाही. त्यानंतर मी गावात गेलो की माणसं तोंड फिरवत. माझं काय बिघडणार होतं? वर्षभरात बदली झाली, ट्रंक उचलली, निघालो. ज्याची बदली व्हायची असते त्याला नाही म्हणणं सोपं जातं, एवढं या प्रकरणाने मला शिकवलं.

माझ्या जागी आलेल्या साहेबांनी ती चावी पुन्हा रखवालदाराच्या हातात दिली.