दोन ओळी होऊन जाऊ द्या

आमच्या जिल्ह्यात एखादी बाई नावारूपाला आली की तिला आधी फेटा बांधतात, मग शाल, मग नारळ. मग हातात जड काचेचं काहीतरी येतं, आणि फोटोवाला समाधान पावेपर्यंत ते छातीशी तोलून धरावं लागतं. इथवर माझी काहीच तक्रार नसते, कौतुक कुणाला नको असतं? मला धडकी भरते ती पुढच्या वाक्याची. निवेदक माईक माझ्या तोंडापुढं धरतो आणि म्हणतो, "ताई मूळच्या गायिका. दोन ओळी होऊन जाऊ द्या!"

मी गायला शिकले ते आईच्या भजनी मंडळात. आई पुढं म्हणायची, बाकीच्या बायका मागं, आणि मी तिच्या मांडीला मांडी लावून. संगमनेरला कॉलेजात गाण्याची बक्षिसं मिळाली. पुढं पुण्यात एका मालिकेचं शीर्षकगीत गायला गेले, तर काचेपलीकडून दिग्दर्शकानं गाण्यापेक्षा माझा चेहराच जास्त ऐकला. "गायिकेचीच भूमिका आहे, करता का?" म्हणाला. ऐन भरात जिचा गाता आवाज जातो आणि त्या दुःखात जी झिजून मरते, अशी गायिका. मी हो म्हटलं. काम मिळतंय तर नाही कशाला म्हणा!

मग रोज किंचाळायचं, हुंदके द्यायचे, आणि दिग्दर्शकाचं समाधान झालं नाही की पुन्हा किंचाळायचं. गाण्यानं मला दोन-चार कप दिले होते, या रडण्यानं कपाट भरलं. लोक म्हणायचे, आवाज गेल्याचं काय काम करते ही बाई, अंगावर काटा येतो. त्यातलं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काय होतं ते मला आणि नाशिकच्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

स्वरयंत्रावर गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि गाणं तर नावालाही नको. "ऐकलं नाहीत तर एक दिवस वरचा स्वर लावायला जाल आणि नुसती हवा येईल," ते म्हणाले. त्यांचा सूर अगदी साधा होता, म्हणून मी जास्त घाबरले. पण गावाकडचा सत्कार ठरलेला होता. बाहेरचे दहा पुरस्कार नाकारले तरी चालतं, घरचा नाकारला की गाव म्हणतं, शेफारली. तेवढा उरकायचा आणि दुसऱ्या दिवसापासून तोंड बंद, असं मी ठरवलं. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

गावच्या फाट्यावर गाडी वळली आणि मला माझाच फ्लेक्स दिसला. "गावची सुकन्या, हार्दिक अभिनंदन", आणि खाली मालिकेतला फोटो. गावच्या तरुण मंडळाच्या पोरांनी इंटरनेटवरून सगळ्यात ठसठशीत फोटो उचलला होता आणि तो होता मी मेल्यानंतर भिंतीवर लावलेला. हार त्यांनी कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता, पण नीट पुसला गेला नव्हता. डाव्या खांद्यावर झेंडूची चार फुलं तशीच होती, भोवती चंदनी चौकट. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि धुळीत मी प्रसन्न हसत होते.

"ताई, फोटो लई झकास हाय ना?" मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं.

"झकास," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पोरगं उन्हात शिडीवर चढून दोऱ्या आवळत होतं.

आई मात्र आदल्या दिवशीच फ्लेक्स बघून आली होती. मला उंबऱ्यावरच थांबवून तिनं मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या की घरभर ठसका उठायला हवा. उठला नाही, तर दृष्ट जबर. मिरच्या काळ्या झाल्या, धूर घरात पसरला. आई शांत, शेजारच्या काकू शांत. ठसका लागला तो मला एकटीला, आणि असा लागला की थांबेना. घशात काहीतरी खरवडून निघाल्यासारखं झालं.

"एवढी मोठी लागली हुती बघ," आई पाठ चोळत म्हणाली. "आता निघाली. आता गा बिनघोर."

तिच्या तोंडाकडं बघून मला रडू फुटायचं बाकी होतं. त्या क्षणी तरी सांगायला हवं होतं. पण ती नवं लुगडं नेसून तयार होती.

सत्कार साखर कारखान्याच्या सभागृहात होता. मळीचा वास, खचाखच गर्दी, पुढच्या दोन रांगांत आईचं भजनी मंडळ. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. घशात अजून आग होती. भाषणं लांबावीत अशी प्रार्थना आयुष्यात पहिल्यांदाच केली, पण पुढारी त्या दिवशी कधी नव्हे ते थोडक्यात आटोपले.

आणि निवेदक म्हणाला, "ताई मूळच्या गायिका..."

मी आईची एक ओवी घेतली. मुद्दाम खालच्या पट्टीत. पहिली ओळ निघाली. मंडळातल्या बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या ओळीला सूर वर जातो, तिथं मी गेले आणि काहीच आलं नाही. ओठ हलत होते, माईकमधून फक्त श्वास ऐकू येत होता. पुन्हा लावला. पुन्हा हवा. मी गळ्यावर हात ठेवला आणि निवेदकाला नाही, नाही अशी खूण केली.

मग मागून शिट्टी आली, "तोच सीन! तोच सीन!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. कारखान्याचे चेअरमन उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. मी जितक्या खुणा करत होते तितक्या टाळ्या वाढत होत्या. मालिकेतही मी अशाच खुणा केल्या होत्या.

बसून राहिली ती एकटी आई. ओवी तिची होती, कुठं श्वास घ्यायचा आणि कुठं नाही हे तिला माहीत होतं. शेजारणी तिला हलवून हलवून सांगत होत्या, बघ, लेक कशी करती! ती माझ्याकडं बघत राहिली. इतकं भ्यालेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

सकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. माझा फोन वाजला, मला बोलता येईना म्हणून आईनं घेतला. कोपरगावकडच्या कुठल्याशा मंडळाचा माणूस होता. त्यांनाही पुरस्कार द्यायचा होता. अट एकच, कालचा सीन जसाच्या तसा करून दाखवायचा.

"दादा, तिचा आवाज खरंच गेलाय," आई म्हणाली. "खेळ न्हाई त्यो."

पलीकडून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. "मावशी, तुमीबी काय कमी न्हाई! लेक उगंच न्हाई एवढी पुढं गेली." आणि तो तारीख सांगू लागला.

आईनं माझ्याकडं बघितलं. नाही म्हण, असं मला ओरडून सांगायचं होतं.