बिज्याच्या लाकडाचा पेला

मी फुलसावंगीच्या शाळेत शिकवते. नवरा यवतमाळला नोकरीत असतो, म्हणून दीड वर्षाच्या गुंजनला दिवसभर रुपीबाई सांभाळते. तिचा नवरा डोंगरसिंग सुतारकाम करायचा; त्याला जाऊन बरीच वर्षे झाली. कापूस लागोपाठ बुडायला लागला तेव्हापासून मुलगा हिरासिंग आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. निम्मा तांडा ओस पडतो आणि रुपीबाई घरात एकटी उरते.

"एकटीसाठी कोन चूल पेटवते, बाई?" असे म्हणून ती सकाळी न खाताच यायची. गुंजन तिला 'याडी' म्हणते, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई.

"पोरगी मलेच माय समजते," रुपीबाई हसायची, "अन् तुमाले मास्तरीण!"

पावसाळ्यात तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आणखी कुठले औषध घेता का, असे विचारले. ती नाही म्हणाली.

दिवाळीनंतर तिचे हात थरथरताना दिसू लागले. "थंडी होय," म्हणायची. थंडीत कपाळावर घाम कसा, असे विचारले की गुंजनला उचलून अंगणात जायची.

एक दिवस शाळा लवकर सुटली. घरी आले तर खाली ठेवलेल्या स्टोव्हवर दूध करपत होते, गुंजन त्याच्याजवळच उभी राहून रडत होती आणि रुपीबाई भिंतीला टेकून घामाने चिंब झाली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "हिरा आला का?"

साखरेचे पाणी पाजून मी तिला दवाखान्यात नेले. "साखर फारच खाली गेली होती," डॉक्टर म्हणाले. "आजी, काढा, चूर्ण असलं काही घेता?"

"काई नाई जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजनला कडेवर घेऊन मी तांड्यावर गेले. आजपासून येऊ नका, एवढेच सांगायचे होते. ती ओट्यावर बसून लाकडी पेल्यातून तांबूस पाणी पीत होती.

"हे काय पिता?"

"पानी. बिज्याच्या झाडाच्या लाकडाचा पेला हाये, हिराच्या बापानं केलेला. रातभर पानी ठेवाव, सकाळी पेवाव. साखर उतरते."

"मग डॉक्टरांना काल नाही म्हणालात ते?"

"त्यायनं औषध इचारलं. पानी कोनं इचारलं?"

"आणि चक्कर? आधीही यायची ना? सांगितलं का नाही?"

तिने पेला ओट्यावर ठेवला. "सांगतली असती तं तुमी गुंजनले दुसरीकडं ठेवली असती. मंग म्या दिवसभर कोनासंगं बोलाव?"

मी तेच सांगायला आले होते. ते सांगता आले नाही. तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी पेला हातात फिरवून पाहिला. "याच्यानं किती उतरते, मलाही सांगता येणार नाही. गोळी उतरवते, हेही उतरवत असेल, वरून पोट रिकामं. पेला बंद. गोळी मात्र मनानं सोडायची नाही. आणि यापुढं पाणी असो की पाला, मला सांगायचं."

परतताना तिने पेला माझ्या हातात दिला. "तुमच्या घरी ठेवा. माया घरी राह्यला तं हात जाईन. झोपाच्या आधी पानी भराव, तेवढंच तं काम असते मले."

आता ती माझ्यासमोर भाकरी खाते, मगच गोळी घेते. स्टोव्ह मी उंचावर ठेवला आहे आणि मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन जाते.

संध्याकाळी निघताना ती फडताळापाशी थांबते. पेला पदराने पुसते, उपडा ठेवते. गुंजन रडायला लागते तशी ती भराभरा तांड्याची वाट धरते. तिच्या घरात चूल पेटली की नाही, ते माझ्या खिडकीतून दिसत नाही.