भाऊजींचा प्रीअ‍ॅम्प आणि बारीक शिट्टी

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बाटल्यांची पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसशॉपचे फोरमन आहेत. एका शेडमध्ये अठरा प्रेस, आणि प्रत्येक प्रेस सेकंदाला एकदा पत्र्यावर आदळणार. तिथली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांचे ओठ वाचतात. या शेडमध्ये भाऊजी एकोणतीस वर्षं कानात बोळे न घालता उभे राहिले. कारखान्याने दिलेले बोळे त्यांच्या खणात वेष्टनासकट पडून असत. बोळे घालणारा फोरमन म्हणजे डोळ्यांना पट्टी बांधलेला ड्रायव्हर, असं त्यांचं मत. पत्रा कापणाऱ्या डायची धार गेली की त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं, हेही खरं होतं. निदान एके काळी.

असे हे भाऊजी घरी आले की हातपाय धुऊन जगातला सगळ्यात नाजूक आवाज ऐकायला बसत.

त्यासाठी मागची खोली होती. ती आधी ताईच्या शिलाई मशीनची होती. मशीन पॅसेजमध्ये गेलं आणि खोलीत एक खुर्ची आली. एकच. तिचे पाय कुठे टेकायचे त्याच्या खुणा फरशीवर चिकटपट्टीने केलेल्या होत्या. समोर छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर, त्यांच्या मधोमध काळ्या दगडाच्या लादीवर दोन पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येक उचलायला दोन माणसं लागतील असा. आणि त्या दोघांच्या मध्ये, आईबापांमध्ये फोटोला बसवलेल्या एकुलत्या एका लेकरासारखा, चंदेरी बटणाचा प्रीअ‍ॅम्प.

हा प्रीअ‍ॅम्प नक्की करतो काय, असं ताईने एकदा विचारलं होतं. भाऊजींनी खुर्ची सोडून, उभं राहून समजावलं, की तबकडीवरून येणारा आवाज फार दुबळा असतो, त्याला आधी हळुवारपणे उचलावं लागतं, नीट वळण लावावं लागतं, मग पॉवर अ‍ॅम्पच्या हवाली करायचं. "पॉवर अ‍ॅम्पकडे ताकद असते, प्रीअ‍ॅम्पकडे संस्कार."

"म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण याच्यावर आहे," ताई म्हणाली. भाऊजी परत खुर्चीत जाऊन बसले.

प्रीअ‍ॅम्प घरात आला त्याच दिवसापासून ताईला एक शिट्टी ऐकू यायला लागली. अगदी बारीक, टोकदार, न थांबणारी. प्रीअ‍ॅम्प सुरू केला की सुरू, बंद केला की बंद. तिने सांगितलं. भाऊजींनी मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकलं आणि असं काही नाही म्हणून जाहीर केलं. तिने पुन्हा सांगितलं तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझा कान तयार नाही. तयार नसलेल्या कानाला नसलेले आवाज येतात." पुढे ताईने सांगणं सोडलं नाही, पण सांगताना भाऊजींकडे बघणं सोडलं.

दर रविवारी दुपारी चार वाजता त्यांचं श्रवणमंडळ भरायचं. एक दातांचे डॉक्टर, ज्यांच्या हातात जन्मभर ड्रिल होतं. एक विमा एजंट, ज्याचा उजवा कान फोनने झिजला होता. आणि मी, कारण मी मेहुणा. गायिकेने श्वास कुठे घेतला, हे भाऊजी बोट वर करून दाखवत आणि दोघे माना डोलवत. मला श्वास कधी ऐकू आला नाही. शिट्टी मात्र स्पष्ट ऐकू यायची. मी बोललो नाही. चहाबरोबर बिस्किटं चांगली असत, आणि कान तयार नसलेल्यांच्या यादीत आपण होऊन नाव कोण घालतो?

प्रीअ‍ॅम्पला घरी येऊन सात वर्षं झाली, त्या वर्षी कारखान्यात नवा नियम आला. प्रेसशॉपमधल्या प्रत्येकाची कानाची तपासणी. बाहेरून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, सोबत कपाटाएवढी एक बंद खोली आणली. आत बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. भाऊजी परीक्षेला नव्हे तर परीक्षक म्हणून गेल्यासारखे आत गेले. हे नंतर त्यांच्या सुपरवायझरने मला सांगितलं. बसल्या बसल्या त्यांनी हेडफोन हलक्या दर्जाचा असल्याची तक्रार केली. पहिले जाड आवाज आले तेव्हा बटण दणादण दाबलं. मग बराच वेळ हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिले. तपासणी थांबली आहे असं वाटून शेवटी काचेवर टकटक केली.

तपासणी थांबली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर ठेवला. रेघ निम्म्या कागदापर्यंत बरी चालली होती आणि तिथून विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. भाऊजींनी चष्मा लावून ती पाहिली आणि विचारलं, "तुमच्या मशीनमधला अ‍ॅम्प्लिफायर कुठला आहे? वरचे सूर देत नाहीये तो."

"काका, मशीन देतंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यापर्यंत येत नाहीत. घराजवळ पाखरं ऐकू येतात का?"

भाऊजींनी चष्मा काढला. गेली चार-पाच वर्षं ते सगळ्यांना सांगत होते की आपल्या भागातली पाखरं नाहीशी झाली. त्याबद्दल त्यांनी पेपरला एक पत्रही लिहिलं होतं, आणि ते छापून आलं होतं.

शेडमध्ये मालाच्या गाड्या फिरतात, त्यांचा इशारा ऐकू आला नाही तर जिवावर बेतेल, म्हणून कारखान्याने श्रवणयंत्र सक्तीचं केलं. दुकानात ताई सोबत गेली. तिथल्या तंत्रज्ञाने शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं कानांत बसवली. आवाज किती शुद्ध, किती विकृत, याचे आकडे भाऊजींनी मागितले. तो बिचारा म्हणाला, "काका, हाही एक छोटा अ‍ॅम्प्लिफायरच आहे." त्या वाक्याने भाऊजी तयार झाले. तोवर ते श्रवणयंत्राला म्हातारपण समजत होते, आता ती खरेदी झाली.

घरी आल्यावर वर्तमानपत्राची घडी खरखरली, चपला वाजल्या, स्वयंपाकघरातलं झाकण वाजलं, आणि प्रत्येक वेळी ते दचकले. मग मोठ्या अपेक्षेने मागच्या खोलीत गेले आणि प्रीअ‍ॅम्प सुरू केला. दोन मिनिटांत बाहेर आले. यंत्र बिघडलेलं आहे, म्हणाले. शिट्टी मारतंय.

यंत्र दोनदा दुकानात गेलं आणि दोनदा चांगलं म्हणून परत आलं. तिसऱ्या वेळी तंत्रज्ञ स्वतः घरी आला. रविवार होता, त्यामुळे मी होतोच. त्याने भाऊजींच्या कानातली यंत्रं काढून मुठीत धरली, खोलीत पाऊल टाकलं आणि सरळ लादीकडे बोट केलं. "शिट्टी त्या डब्यातून येतेय."

भाऊजी ताईकडे वळले. ती दारात उभी होती. तंत्रज्ञाने यंत्रं परत त्यांच्या कानांत बसवली.

"मग मला सांगितलं का नाहीस?" भाऊजींनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघू लागलो. ताई शांतपणे म्हणाली, "आधी तुमचा कान तयार व्हायला हवा होता." आणि पुढे होऊन तिने प्रीअ‍ॅम्पचा खटका बंद केला. सात वर्षांत त्या बटणाला तिचा हात पहिल्यांदाच लागला.

मला वाटलं होतं माणूस खचेल. त्या संध्याकाळी ते खरंच खुर्चीत नुसते बसून राहिले, आणि मला त्यांची कीव आली. ती मी पुढच्या रविवारपर्यंत जपून ठेवली, पण तिची गरज उरली नव्हती. प्रीअ‍ॅम्पमधला नखाएवढा एक भाग बदलून झाला होता आणि भाऊजी मंडळाला सांगत होते की आता शांततेचाच दर्जा उंचावला आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, त्यांना आल्या आल्याच जाणवलं. मग तबकडी लावण्याआधी भाऊजींनी दोन्ही यंत्रं कानांतून काढून डबीत ठेवली. कारण त्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे आवाजाला स्वतःचा रंग चढतो, असं ते म्हणाले.

गेल्या महिन्यात वाचनालयाने त्यांचं 'घरगुती संगीतश्रवण' या विषयावर व्याख्यान ठेवलं. यंत्रं डबीत, डबी खिशात. तासभर बोलले, आणि चांगलं बोलले. शेवटी मागच्या रांगेतून एका बाईने बारीक आवाजात विचारलं की नवऱ्याला या नादापायी घरातल्या माणसांचं ऐकूच येईनासं झालं तर काय करावं. भाऊजींनी मान तिरकी करून ऐकलं, समाधानाने हसले आणि स्पीकरच्या वायरी जाड घ्याव्यात, लांब घेऊ नयेत, असं सविस्तर सांगितलं. टाळ्या पडल्या.

जिन्यात ताई त्या बाईला गाठून बराच वेळ बोलत होती. काय सांगितलंस, असं मी नंतर विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "नवऱ्याचं वय विचारलं, आणि यंत्राच्या दुकानाचा पत्ता दिला."